तळवलकर, सुरेश

(१९४८ – ). हिंदुस्थानी संगीतातील ज्येष्ठ तबलावादक व गुरू. जन्म मुंबईतील चेंबूरचा, कीर्तनपरंपरा लाभलेल्या ढोलकेबुवा घराण्यातला. पहिले धडे वडील दत्तात्रय तळवलकर यांनी दिले. पुढे पंढरीनाथ नागेशकर व विनायकराव घांग्रेकर यांच्याकडे त्यांची रीतसर तालीम झाली.

त्यांचे घराणे कोणते, याविषयी एकवाक्यता दिसत नाही. नागेशकरांचे एक गुरू अमीर हुसेन खाँ हे फरुखाबाद परंपरेतले मानले जात असल्याने तळवलकरांनाही कधी त्याच घराण्यात गणले जाते. मात्र अमीर हुसेन खाँ यांचे मामा व गुरू मुनीर खाँ यांनी स्वतःच अनेक उस्तादांकडून विद्या मिळवली होती, असे परंपरा सांगते. आणि नागेशकरांना गोव्यातील वल्लेमामा व लयकारीसाठी (लयीच्या विविध विभागण्यांच्या खेळासाठी) ख्यातनाम असलेले खाप्रूमामा पर्वतकर यांचेही मार्गदर्शन मिळाले होते. तेव्हा मुंबईत स्थिरावलेल्या या संमिश्र परंपरेचे वारसदार म्हणून तळवलकरांकडे पाहणे अधिक सयुक्तिक ठरते. गायक व व्हायोलिनवादक गजाननबुवा जोशी यांच्याकडून मिळालेली लयीची व साथीची दृष्टी आणि मृदंगवादक रामनाड ईश्वरन यांच्याकडून झालेला कर्नाटक तालपद्धतीचा परिचय एका घराण्याच्या चौकटीत बसत नाही.

ख्यालाची साथ हा त्यांच्या वादनाचा गाभा. गजाननबुवांचे शिष्य उल्हास कशाळकर यांच्याबरोबरच्या मैफलींत तो स्पष्ट दिसतो. ग्वाल्हेर गायकीत रूढ असलेल्या तिलवाड्याचे उदाहरण घेता येईल. या १६ मात्रांच्या तालात दुसऱ्या व दहाव्या मात्रेवर ‘तिरकिट’ हा बोल (तबल्यावरील आघातांचे उच्चारी रूप) येतो. विलंबित (संथ) लयीत मात्रांमधले अंतर वाढले, की ते भरण्याची जबाबदारी तबलजीवर पडते. भरणा दाट झाला तर बंदिशीचे शब्द झाकोळतात, विरळ राहिला तर लय सैल पडते. हा तोल राखत भरी-खालीचे (तालाच्या जड व हलक्या भागांचे) वजन जपणे आणि गायक मुखडा (बंदिशीचा समेवर नेणारा सुरुवातीचा भाग) घेऊन समेकडे (तालाच्या पहिल्या मात्रेकडे) निघताच त्याला मोकळी वाट देणे, हे या साथीचे मर्म होय.

एकलवादनात सारंगी किंवा हार्मोनियमवरील लेहऱ्याची प्रथा आहे. तळवलकरांनी त्या जागी गायलेली बंदिश आणली. लेहरा हीदेखील आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) दाखवणारी स्वररचनाच असल्याने हा बदल परंपरेला सोडून आहे असे म्हणता येत नाही. उलट बंदिशीतील शब्दांच्या आघातांमुळे पेशकार, कायदा, रेला, गत व चक्रदार या तबल्यावरील रचनाप्रकारांना मुखड्याशी थेट नाते जोडता येते. तालविचार मांडणारा त्यांचा *आवर्तन* हा मराठी ग्रंथ आहे.

अध्यापनात ते गुरुकुल पद्धतीने शिकवतात व पढंतीला विशेष महत्त्व देतात: हाताने ताल धरून बोल मुखाने म्हणायचा, तो लयीत पक्का बसला की मगच तबल्यावर घ्यायचा. विजय घाटे, रामदास पळसुले, चारुदत्त फडके तसेच पुत्र सत्यजित आणि कन्या सावनी हे त्यांचे शिष्य. ख्यालगायिका पद्मा तळवलकर या त्यांच्या पत्नी. त्यांना संगीत नाटक अकादमी पुरस्कार (२००४) व पद्मश्री (२०१३) हे सन्मान लाभले.