सुपाला पुरेल एवढी जागा : कुंभारीच्या घरकुलांची पार्श्वभूमी

१९ जानेवारी २०२४ रोजी सोलापूरजवळच्या कुंभारीत रे नगर या कामगार वसाहतीतली १५ हजार घरं पंतप्रधानांच्या हस्ते कामगारांच्या ताब्यात गेली. बातम्यांत योजनेचं नाव आलं, कोटींचे आकडे आले. पण घर मागणारे लोक त्या योजनेच्या कितीतरी आधीपासून मागतच होते.

सोलापुरात राहण्याच्या जागेची ओढाताण गिरण्यांबरोबर वाढली. जुनी मिल १८७७ साली सुरू झाली, मागोमाग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. तेलंगणातून पद्मशाली विणकर येऊन स्थिरावले. गिरण्यांनी काही चाळी बांधल्या. लक्ष्मी-विष्णू चाळ हे नाव गिरणी गेल्यावरही पत्त्यात टिकलं आहे. बाकीच्यांनी पूर्व भागात मिळेल ती खोली धरली. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या, माणसं यंत्रमागावर गेली आणि कितीतरी घरांची चूल बायकांच्या विडीवर आली.

विडीचं काम समजल्याशिवाय ही मागणी समजत नाही. कारखान्यातून पान-तंबाखू आणायचा, विड्या घरी वळायच्या आणि मोजून परत द्यायच्या. मजुरी हजार विड्यांवर. भिजवलेलं पान ओल्या फडक्यात गुंडाळलेलं, शेजारी कात्री, मांडीवर सूप, सुपात तंबाखू. खोली दहा बाय दहाची असली तर सूप घेऊन बसलेल्या बाईचे पाय स्टोव्हपाशी आणि पाठ पाळण्याला. पत्रा गळला, तंबाखू भिजला, विडी खराब ठरली, की त्या हजारातून पैसे कमी. म्हणजे राहतं घर हाच तिचा कारखाना, आणि त्याचं भाडंही तिनंच भरायचं. लाल बावट्याच्या मोर्चांत मजुरीवाढीच्या शेजारी घराची मागणी येऊन बसली ती यामुळे, असं मला वाटतं.

ही मागणी लावून धरली नरसय्या आडम यांनी. सोलापूर त्यांना आडम मास्तर म्हणतं; मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे तीनदा आमदार. नुसत्या घोषणांनी भागणार नव्हतं, म्हणून सहकारी संस्था काढली : कॉ. गोदूताई परुळेकर महिला विडी कामगार सहकारी गृहनिर्माण संस्था. नावातला ‘महिला’ हा शब्द शोभेचा नाही. सभासद विडी वळणाऱ्या बायकाच. खर्चाचा वाटा केंद्राचा, राज्याचा आणि कामगाराचा स्वतःचा. मोर्चाचा फोटो छापून येतो; सभासदांच्या याद्या, पावत्या, दाखले, बँकेचे कागद यांचा येत नाही. संघटना खरी कसाला लागते ती तिथं. १ सप्टेंबर २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्या वसाहतीतली घरं दिली गेली. घरं १० हजारांच्या घरात. पुढे मीनाक्षीताई साने यांच्या नावानंही विडी कामगारांची वसाहत उभी राहिली.

रे नगर हा त्यापुढचा, बराच मोठा डाव : ३० हजार घरं. ‘रे’ म्हणजे राजीव आवास योजनेची इंग्रजी आद्याक्षरं. ती योजना गुंडाळली गेली, २०१५ साली पंतप्रधान आवास योजना आली, पण वसाहतीचं नाव तेच राहिलं. ९ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधान मोदींनी पायाभरणी केली. एकूण खर्च १,८११ कोटींचा, त्यात केंद्र-राज्याची मदत ७५० कोटींची, म्हणजे घरामागे अडीच लाख. बाकीचा भार सभासदांच्या हिश्श्यावर आणि कर्जावर. त्या कार्यक्रमात मोदींचं कौतुक केल्याबद्दल आडम मास्तरांना पक्षानं केंद्रीय समितीतून तीन महिने निलंबित केलं. घर सभासदाला मिळालं, शिक्षा मास्तरांना!

एक फरक मात्र नजरेआड होतो. कुंभारी अक्कलकोट रस्त्यावर, शहराबाहेर. विडीवाली आपलं सूप घेऊन तिथं राहायला जाऊ शकते. पान-तंबाखू जवळ मिळाला की तिचं काम सुरू. रे नगरचे सभासद नुसते विडी कामगार नाहीत. त्यांत यंत्रमाग कामगार आहेत, फेरीवाले, कचरा वेचणारे, रिक्षावाले आहेत. माग घरी नेता येत नाही, भाजीच्या गाडीला गिऱ्हाईक शहरातच. रात्रपाळी सुटल्यावर कुंभारीला परतायला काय मिळतं, हा त्यांच्यासाठी घराच्या हप्त्याइतकाच रोकडा सवाल. पाण्याचंही तसंच. उजनी धरण उशाशी असून खुद्द शहरात नळ काही दिवसांआड येतो, तिथं माळावरच्या हजारो कुटुंबांचं काय, हे विचारायला संघटनेला पुन्हा रस्त्यावर यावं लागणार. बस, पाणी, शाळा, दवाखाना : मागण्यांची पुढची यादी आता वरच्या मजल्यावरच्या खोलीत, सुपाशेजारी बसून लिहिली जाते.