नागराज मंजुळे

मराठी चित्रपट दिग्दर्शक, कवी, अभिनेता. जन्म साधारण १९७७ चा धरतात, गाव जेऊर, तालुका करमाळा, जिल्हा सोलापूर. बाहेरचे लोक सरसकट ‘सोलापूरचा’ म्हणून मोकळे होतात, पण करमाळा म्हणजे जिल्ह्याचं वायव्य टोक, नगर-पुण्याला चिकटलेलं, आणि तिथल्या बोलण्यात सोलापूर शहरासारखा कानडी-तेलुगू हेल नाही. घर वडार समाजातलं. पुणे विद्यापीठातून मराठीत एमए, मग नगरला संज्ञापन शिकले. कवितासंग्रह ‘उन्हाच्या कटाविरुद्ध’, त्याला सोलापूरचाच भैरुरतन दमाणी पुरस्कार मिळाला.

‘पिस्तुल्या’ (२०१०) ह्या लघुपटाला ५८ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत पदार्पणाचा पुरस्कार, नंतर ‘फँड्री’ला (२०१३) पहिल्या चित्रपटासाठीचा इंदिरा गांधी पुरस्कार.

‘फँड्री’ ह्या शब्दावर मात्र थोडं थांबायला हवं. अर्थ डुक्कर, शब्द कैकाडी बोलीतला, इथपर्यंत वाद नाही. पण कैकाडी नेमकी कुठली? ब्रिटिशकाळातल्या जॉर्ज ग्रियर्सन ह्या भाषाअभ्यासकाच्या भाषिक सर्वेक्षणात ती तमिळची बोली म्हणून धरलीय, दुसरीकडे काही जण तिला येरुकला-कोरवा ह्या दक्षिणेतल्या द्राविडी बोलींसोबत वेगळं काढतात आणि मराठी-कानडीच्या सरमिसळीवर जास्त भर देतात. आता सोलापुरात हे घरबसल्या तपासता येतं, कारण कानडी शेजारी डुकराला ‘हंदी’ म्हणतो (जुन्या कानडीतला प चा ह झाला), सोलापूर शहराच्या पूर्वभागातला तेलुगू माणूस ‘पंदी’ म्हणतो, आणि दोन्हीत ‘र’ नाहीच. तमिळमध्ये लिहितात ‘पन्रि’, नीट उच्चारलं तर जवळजवळ ‘पंड्रि’. फँड्रीतला ‘र’ तिकडूनच आलेला दिसतो, त्यामुळे ग्रियर्सनचं वर्गीकरण निदान ह्या शब्दापुरतं तरी जास्त पटतं. एका शब्दावरून अख्खी भाषा ठरत नाही हे खरंय. सिनेमाचा नायक जब्या, त्याच्या घरी ही बोली आणि शाळेत मराठी, त्यामुळे शीर्षकच मराठी प्रेक्षकाला परकं वाटतं, आणि ते मुद्दाम असावं.

‘सैराट’ (२०१६) सगळ्यांनी पाहिलाय. १०० कोटींच्या वर कमाई करणारा पहिला मराठी चित्रपट, करमाळ्याकडचा परिसर, नायिका अकलूजची रिंकू राजगुरू, तिला ६३ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख. पुढे कन्नड, पंजाबी, उडिया, हिंदीत रिमेक झाले. ‘पावसाचा निबंध’ ह्या लघुपटाला ६५ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत बिगर-कथापट गटातला दिग्दर्शनाचा पुरस्कार. ‘झुंड’ (२०२२) हिंदी, नागपूरच्या विजय बारसेंच्या झोपडपट्टी फुटबॉलवरचा, अमिताभ बच्चन मुख्य भूमिकेत.

छोट्या पडद्यावर २०१९ ला सोनी मराठीच्या ‘कोण होणार करोडपती’चं सूत्रसंचालन. २०२२ च्या ‘अनपॉज्ड: नया सफर’ मधली ‘वैकुंठ’ ही कोविडकाळातल्या स्मशानाची गोष्ट त्यांचीच, दिग्दर्शनही आणि भूमिकाही. ‘मटका किंग’ ही वेबसिरीज २०२४ मध्ये जाहीर झाली.