एनओएईएल आणि बेंचमार्क डोस: प्राणी कमी केले की आकडा कुठे सरकतो?

एखादं रसायन किती मात्रेपर्यंत सुरक्षित, हे ठरवायला प्राण्यांवर चाचणी करतात. एनओएईएल (नो ऑब्झर्व्ड ॲडव्हर्स इफेक्ट लेव्हल) म्हणजे त्या चाचणीतला असा सर्वांत मोठा डोस, ज्याला नियंत्रण गटाच्या (रसायन न दिलेल्या प्राण्यांच्या) तुलनेत अपाय दिसला नाही. त्याला सहसा 100 ने भागायचं (प्राण्यावरून माणसावर येताना 10, माणसामाणसांतल्या फरकासाठी आणखी 10) की रोजची स्वीकार्य मात्रा मिळाली. बेंचमार्क डोस, म्हणजे बीएमडी, हा त्याच मुक्कामाला जाणारा दुसरा रस्ता: त्यात डोस वाढला की अपाय कसा वाढतो याचा गणिती वक्र, म्हणजे मॉडेल, आकड्यांवर बसवतात. तो केनी क्रम्प यांनी 1984 मध्ये मांडला.

इथवर सगळं ठीक असतं. मग कुणीतरी लिहितं, ‘बीएमडी म्हणजे मॉडेल लावून काढलेला एनओएईएल.’ हे वाक्य इतक्या अहवालांत वाचलंय की आता डोकं फिरतं. दोन्ही आकडे मुळात वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. एनओएईएल विचारतो, ‘या चाचणीला काय दिसलं नाही?’ बीएमडीत अपाय किती मानायचा ते आधी ठरवतात, समजा नियंत्रण गटापेक्षा 10 टक्के जादा जोखीम, आणि मग विचारतात, ‘एवढा अपाय कोणत्या डोसला होईल?’

फरक आकड्यांत बघा. काल्पनिक चाचणी घेऊ: डोस 0, 10, 30 आणि 100 मिलिग्रॅम प्रति किलो, प्रत्येक गटात 10 उंदीर. यकृतात बिघाड झालेले अनुक्रमे 0, 1, 3 आणि 8. आता 30 च्या गटाची नियंत्रण गटाशी तुलना करायला फिशरची एकतर्फी चाचणी लावा (फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता, म्हणजे पी, काढणारी संख्याशास्त्रीय कसोटी; पी 0.05 च्या खाली असेल तरच फरक ‘लक्षणीय’ मानतात). पी येतो 0.105, म्हणजे ‘लक्षणीय नाही’. निव्वळ संख्याशास्त्रावर विसंबणारा माणूस 30 हा एनओएईएल लिहून मोकळा होईल. दहातले तीन उंदीर आजारी, आणि डोसचं नाव ‘अपाय न दिसलेला’! (अनुभवी विषशास्त्रज्ञ एवढ्यावर थांबणार नाही, मान्य. पण नियमात काही त्याला अडवत नाही.)

आता तेच प्रमाण ठेवून गटात 50 उंदीर घ्या: 0, 5, 15, 40. आता 10 च्या डोसलाच पी 0.028 येतो. म्हणजे सर्वांत लहान डोसलाही अपाय दिसला, आणि या चाचणीत एनओएईएल उरतच नाही. रसायन तेच, उंदरांची जात तीच, प्रमाणही तेच. वाढली फक्त संख्या. चाचणी जितकी तोकडी तितका एनओएईएल वर सरकतो, म्हणजे कमी प्राणी वापरणाऱ्याला बक्षीस. आणि शून्य दिसलं तरी हायसं वाटून घेऊ नका: 10 पैकी 0 आजारी असतील, तरी खरं प्रमाण 26 टक्क्यांपर्यंत असू शकतं, हे 95 टक्के एकतर्फी विश्वासमर्यादा (थोड्या प्राण्यांवरून काढलेल्या आकड्यातली अनिश्चितता दाखवणारी सीमा) सांगते.

बीएमडीकडे या. प्रमाणं तीच असल्यामुळे एकच मॉडेल लावलं तर 10 टक्क्यांचा बीएमडी दोन्ही चाचण्यांत एकच येतो, साधारण 10 च्या आसपास. मॉडेल बदललं तर थोडा हलेल. बदलते ती त्याची खालची विश्वासमर्यादा, बीएमडीएल. 10 उंदरांच्या चाचणीत ती बरीच खाली जाते, 50 च्या चाचणीत बीएमडीच्या जवळ येते. माणसांसाठीची सुरक्षित मात्रा ठरवायची ती याच खालच्या आकड्यावरून, म्हणून माहिती तोकडी असेल तर दंड बसतो आणि चांगली चाचणी करणाऱ्याला फायदा होतो. व्हायला हवं ते हेच. याचसाठी माझं मत ठाम आहे: वक्र बसवता येण्याजोगी माहिती हाताशी असताना एनओएईएल वापरणं हा निव्वळ आळस आहे.

‘मॉडेलं काय, कशीही वाकवता येतात, एनओएईएल खऱ्या डोसवर उभा असतो,’ हा युक्तिवादही ऐकवला जातो. तो डोस खरा असतो, पण चाचणी आखणाऱ्याने निवडलेला. 10 आणि 30 च्या मध्ये 20 चा गट ठेवलाच नसेल तर एनओएईएल कधीच 20 येणार नाही. आणि मॉडेल निवडण्याच्या भांडणावर उपाय निघालाय: युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफ्साने, 2022 च्या मार्गदर्शिकेत अनेक मॉडेलांची बेजियन सरासरी (आकड्यांशी जे मॉडेल जास्त जुळतं त्याला जास्त वजन देणारी सरासरी) घ्यायला सांगितलं आहे.

किरकोळ गोष्टी: बीएमडीएल नेहमी एनओएईएलपेक्षा खालीच असतो असं नाही. बीएमडी काढायला अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेचं (ईपीए) बीएमडीएस आणि नेदरलँड्सचं प्रोआस्ट, यांपैकी कोणतंही सॉफ्टवेअर घ्या. मात्र परिणाम फक्त वरच्या एकाच डोसला दिसला असेल, किंवा बीएमडीएल सर्वांत लहान डोसच्याही फार खाली गेला असेल, तर मॉडेलवर हट्ट धरू नका. तिथे एनओएईएल चालेल.

आणि कृपा करून नुसतं ‘बीएमडीएल = 4’ लिहू नका. किती अपायासाठी, 5 टक्के की 10, हे शेजारी नसेल तर तो आकडा दुसऱ्या कुठल्याही आकड्याशी ताडून बघता येत नाही.