ठाण्याच्या फलाटावरची वजनाची पेटी

ठाणे स्थानकाचा विषय निघाला की १६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदरहून आलेली गाडी, तिचे १४ डबे आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिने यांची उजळणी होतेच. लोकलच्या फलाटांवर वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या लुकलुकत्या दिव्यांच्या वजनाच्या पेटीची मात्र कुणी दखल घेत नाही. ती घ्यायला हवी. एका बाजूला सिनेनटाचा फोटो किंवा भविष्य आणि दुसऱ्या बाजूला वजन छापलेले ते छोटे कार्ड हातात पडायचे, तेव्हा निरनिराळ्या काळांतले तीन शोध एकाच वेळी कामाला लागलेले असायचे.

सर्वांत जुना शोध नाण्याच्या फटीचा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हीरो नावाच्या ग्रीक यंत्रज्ञाने देवळात तीर्थ देणाऱ्या पात्राची रचना लिहून ठेवली आहे. वरच्या फटीतून ५ द्राख्मांचे नाणे टाकायचे. ते आत तरफेच्या टोकावरच्या ताटलीवर पडते, ताटली खाली जाते, दुसरे टोक वर उचलले जाऊन झडप उघडते आणि पाणी वाहू लागते. ताटली कलली की नाणे घसरते आणि झडप मिटते. म्हणजे पाणी किती मिळणार, हे नाणे ताटलीवर किती वेळ टिकते यावर ठरते. दोष एकच. तेवढ्याच वजनाची कुठलीही चकती टाकली तरी पात्र पाणी देणार.

ही युक्ती व्यापारात रुळायला पुढे अठराशे वर्षे गेली. १८८०च्या दशकात पर्सिव्हल एव्हरिट याने लंडनमध्ये नाणे टाकल्यावर पोस्टकार्ड देणारे यंत्र आणले आणि त्याच दशकात नाण्यावर चालणाऱ्या वजनकाट्याचे पेटंट घेतले. अशा यंत्रांना रेल्वे स्थानकासारखी दुसरी जागा नाही. गाडी यायला दहा मिनिटे असतात, खिशात सुटे पैसे असतात आणि करायला काही नसते.

फसव्या चकत्या अडवायला नाण्याच्या वाटेवर तीन चौक्या आल्या. फटीची रुंदी मोठे नाणे आत येऊ देत नाही. घसरणीच्या कडेला ठेवलेल्या खिडकीतून लहान नाणे बाहेर पडून परतीच्या वाटीत येते. लोहचुंबक लोखंडी चकती धरून ठेवतो. आपल्याकडे गडबड झाली ती या चौक्यांशीच. तांबे-निकेलचा रुपया ६ ग्रॅमचा आणि २६ मिलिमीटरचा होता, त्याला चुंबक शिवत नसे. १९९२ पासूनचा रुपया पोलादी, ४.८५ ग्रॅमचा आणि २५ मिलिमीटरचा. तो चुंबकाला चिकटतो, त्यामुळे अशा यंत्रातला चुंबक काढून टाकण्यावाचून गत्यंतर नाही. २०११ मध्ये रुपया आणखी आक्रसला: २२ मिलिमीटर, ३.७९ ग्रॅम. जुन्या मापाच्या घसरणीवरून तो खिडकीतून सरळ परत येणार. त्याच वर्षीचे दोन रुपयांचे नाणे मात्र नेमके २५ मिलिमीटरचे आणि ४.८५ ग्रॅमचे! १९९२च्या रुपयासाठी लावलेली फट त्या दोन रुपयांना विनातक्रार आत घेते. भाव दुप्पट करायला यंत्राच्या आत हात घालायचीही गरज नाही.

वजनाचा भाग त्यामानाने अलीकडचा. आपल्याकडे माणसाला तोलण्याची ओळख तुलादानाची. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांची सुवर्णतुला झाली. पण पारड्यात बसवून तोलायचे तर समोर तेवढाच भार लागतो. १८३१ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या थॅडियस फेअरबँक्स याने फलाटी काट्याचे, म्हणजे सपाट पाटावर भार ठेवून तोलण्याच्या काट्याचे, पेटंट घेतले, ते तागासारख्या धाग्याच्या पिकाच्या गाड्या तोलण्यासाठी. पाटाखाली चार कोपऱ्यांना टेकवलेल्या तरफा एकाच दांडीला जोडलेल्या असतात. त्यांचे प्रमाण सारखे ठेवले की माणूस पाटाच्या मध्यावर उभा राहो की कडेला, दांडीवर येणारा ओढा तेवढाच राहतो. शे-दीडशे किलोचा भार काही किलोंवर उतरतो आणि तो पेलायला मग एक स्प्रिंग पुरते.

स्प्रिंग आली की तिचे हट्टही आले. मुंबई-ठाण्याकडे गुरुत्वाकर्षण लंडनपेक्षा सुमारे पाव टक्का कमी आहे. लंडनमध्ये लावलेला स्प्रिंगचा काटा इथे जसाच्या तसा उभा केला, तर ७० किलोच्या माणसाचे वजन पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास कमी दाखवेल. म्हणून काटा जिथे बसवायचा, तिथेच प्रमाणित वजने ठेवून लावायचा असतो. दुसरी अडचण हिंदकळण्याची. पाटावर पाय ठेवला की स्प्रिंग खालीवर होते आणि आकड्यांचे चाकही तिच्याबरोबर पुढेमागे फिरते. पेटीच्या काचेतले रंगीत चक्र थांबल्यावरच नाणे टाका, ही सूचना त्यासाठी. घाईत नाणे टाकले तर झोक्याच्या वरच्या किंवा खालच्या टोकाला जो आकडा असेल तोच छापला जातो.

तिसरा शोध तिकिटाचा. थॉमस एडमंडसन हा मूळचा फर्निचर बनवणारा कारागीर, धंद्यात बुडाल्यावर इंग्लंडमध्ये रेल्वेच्या नोकरीत शिरला. हाताने तिकिटे लिहिण्यात जाणारा वेळ आणि हिशेबातली गफलत टाळायला त्याने १८३०च्या दशकात आधीच क्रमांक छापलेली पुठ्ठ्याची तिकिटे काढली: सुमारे ५७ मिलिमीटर लांब, ३० मिलिमीटर रुंद, पाऊण मिलिमीटरहून किंचित जाड. जाडीतच सगळी मेख आहे. वजनाच्या पेटीतही कार्डांचा गठ्ठा उभ्या नळीत असतो आणि एक सपाट पट्टी सर्वांत खालचे कार्ड ढकलते. पट्टी कार्डापेक्षा किंचित पातळ, म्हणून ती एकालाच धरते. ते कार्ड आकड्यांच्या चाकाखाली दाबले जाते आणि खाली घरंगळते. पावसाळ्यात खाडीकडची दमट हवा पुठ्ठ्यात मुरते, कार्डे फुगून एकमेकांना चिकटतात. मग एक तर दोन कार्डे एकदम येतात, नाहीतर पट्टी अडकते आणि नाणे गिळून पेटी गप्प बसते. कार्डावरच्या भविष्याचा वजनाशी काडीचाही संबंध नाही. ते छापखान्यातच छापलेले असते आणि गठ्ठ्यात ज्याचा नंबर लागेल त्याला मिळते.

चालू स्थितीतली अशी पेटी कुठे सापडलीच, तर ती खरी बोलते का हे दोन नाण्यांत कळते. आधी मोकळ्या हाताने वजन करा, मग १० किलोची तांदळाची पिशवी हातात घेऊन. पाटावर पाय तेच ठेवा आणि भिंतीला किंवा पेटीला टेकू नका. दोन कार्डांतला फरक १० आला, पण दोन्ही आकडे घरच्या काट्यापेक्षा सारखेच कमी-जास्त असले, तर फक्त शून्य सरकले आहे. ते एका स्क्रूने जागेवर येते. फरकच ९ किंवा ११ आला, तर पुन्हा एकदा करून पाहा, कारण चाकावर मधले ग्रॅम नसतात आणि आकडा जवळच्या टप्प्यावर ढकलला जातो. तरीही तेवढाच चुकला, तर काट्याचे प्रमाणच बिघडले आहे. मग काटा प्रमाणित वजनांवर पुन्हा लावावा लागतो.