‘जर-तर’चा नकार ‘जर-तर’ नसतो

‘जर संख्या मूळ असेल, तर ती विषम असते.’ (मूळ म्हणजे १ पेक्षा मोठी आणि १ व स्वतः सोडून कशानंच भाग न जाणारी संख्या.) या विधानाचा नकार लिहा, म्हटलं की दोन उत्तरं हमखास येतात. कुणी लिहितं, ‘मूळ असेल, तर विषम नसते.’ कुणी दोन्हीकडे ‘न’ लावतं: ‘मूळ नसेल, तर विषम नसते.’ दोन्ही चूक. पण का चुकतं ते कळतं: मराठीत ‘असेल’चं ‘नसेल’ केलं की नकार झालाच, असं कानाला वाटतं.

नकाराची अट मात्र कडक आहे. विधान खरं तर नकार खोटा, विधान खोटं तर नकार खरा. दोन्ही एकदम खोटी निघाली, तर तो नकार नव्हेच. आता तपासू. मुळातलं विधान २ वर कोसळतं, कारण २ मूळ असूनही सम आहे. पहिलं उत्तर ३ वर कोसळतं, दुसरं ९ वर. म्हणजे तिन्ही विधानं खोटी!

खरा नकार असा: ‘एक तरी संख्या मूळ आहे आणि ती विषम नाही.’ यात ना ‘जर’ ना ‘तर’. आहे तो ‘आणि’, आणि माझ्या मते सगळा विषय या एका शब्दात आहे. जर-तरचं विधान खोटं पाडायला अट पुरी झालेली आणि निष्कर्ष हुकलेला, असं एकच उदाहरण लागतं. अटच पुरी होत नसेल, तर ते उदाहरण विधानाला धक्का लावू शकत नाही.

मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६६ मध्ये मांडलेलं पत्त्यांचं कोडं यावरच उभं आहे. आपल्या अक्षरांत सांगायचं तर टेबलावर चार पत्ते आहेत: अ, क, ४, ७. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसरीकडे अंक. नियम: एका बाजूला स्वर असेल, तर दुसरीकडे सम अंक असतो. नियम तपासायला कोणते पत्ते उलटायचे?

बरेच लोक ‘अ’ आणि ४ उलटतात. पण ४ च्या मागे व्यंजन निघालं तरी नियम मोडत नाही. व्यंजनाबद्दल नियम काही बोललेलाच नाही. नियम मोडतो तो ‘स्वर आणि विषम’ या जोडीनं. ती जोडी ‘अ’च्या मागे लपलेली असू शकते, किंवा जो पत्ता फार थोडे लोक उचलतात, त्या ७ च्या मागे.