पदकांचा भागाकार

मुंबई महानगरपालिकेच्या ‘बी’ विभागात, म्हणजे डोंगरी, मशीद बंदर आणि आसपासच्या वस्तीत, २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १ लाख २७ हजार माणसे राहत होती. कॅरिबियन समुद्रातील ग्रेनडा या देशाची लोकसंख्या याहूनही थोडी कमी, १ लाख १७ हजारांच्या घरात आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये या देशाने दोन कांस्यपदके मिळवली. त्यांपैकी एक अँडरसन पीटर्सने भालाफेकीत जिंकले, आणि त्याच स्पर्धेत नीरज चोप्राला रौप्यपदक मिळाले. १४५ कोटींच्या भारताची एकूण पदके सहा होती. लोकसंख्येला पदकांनी भागले, तर ग्रेनडात साधारण ५८ हजार माणसांमागे एक पदक पडते आणि भारतात २४ कोटी माणसांमागे एक.

पदकतालिकेत १२६ पदकांची अमेरिका आणि ९१ पदकांचा चीन वर दिसतात, तेव्हा असा भागाकार करावासा वाटणे स्वाभाविक आहे आणि माझ्या मते योग्यही आहे. मात्र भागाकार करून जी नवी यादी तयार होते, तिच्यातही एक दोष शिरतो. पॅरिसच्या या यादीत ग्रेनडा पहिला, एका पदकाचा डॉमिनिका दुसरा आणि दोन पदकांचा सेंट लुशिया तिसरा आला. सेंट लुशियाची दोन्ही पदके जुलियन आल्फ्रेड या एकाच धावपटूची होती. त्याआधी टोकियोत सुमारे ३४ हजार वस्तीच्या सान मारिनोने तीन पदकांसह अग्रस्थान घेतले होते, आणि पॅरिसमध्ये त्याला एकही पदक मिळाले नाही. वरच्या जागा सतत अगदी लहान देशांकडेच का जाव्यात?

दहावीच्या निकालाचा विचार केला की याचे उत्तर सापडते. शंभर टक्के निकाल लावणाऱ्या शाळांच्या यादीत दहा-बारा विद्यार्थी परीक्षेला बसवणाऱ्या शाळा मोठ्या संख्येने असतात, आणि निकाल शून्य टक्के लागलेल्या शाळाही बहुधा तेवढ्याच लहान असतात. सहाशे विद्यार्थ्यांच्या शाळेत एखाद-दुसऱ्याच्या यशापयशाने टक्केवारी फारशी हलत नाही, पण बारा जणांच्या वर्गात एका मुलाने ती आठ टक्क्यांनी वरखाली होते. भाजक लहान असला की योगायोगाचे माप मोठे होते, हा संख्याशास्त्रातला मूलभूत नियम आहे. दोन लाखांहून कमी वस्तीचे बरेच देश ऑलिंपिकमध्ये उतरतात. त्यांतले बहुतेक रिकाम्या हाताने परततात, पण एखाद्याला पदक मिळाले की तो थेट यादीच्या माथ्यावर जाऊन बसतो.

म्हणून ‘एका पदकामागे किती माणसे’ यापेक्षा वेगळा प्रश्न विचारावा लागतो. जगातील प्रत्येक माणसाला पदकाची संधी सारखीच असती, तर या देशाला इतकी किंवा याहून जास्त पदके निव्वळ योगायोगाने मिळण्याची शक्यता किती होती? पॅरिसमध्ये सुमारे १,०४० पदके दिली गेली आणि जगाची लोकसंख्या ८१६ कोटींच्या आसपास होती, म्हणजे सुमारे ७८ लाख माणसांमागे एक पदक. या हिशेबाने न्यूझीलंडच्या वाट्याला एकही पूर्ण पदक येत नाही, कारण त्या देशाची ५२ लाख लोकसंख्या मुंबईच्या निम्म्याहूनही कमी आहे. प्रत्यक्षात त्याने २० पदके जिंकली. प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या सूत्राने मी हे गणित मांडले, तेव्हा ग्रेनडाला योगायोगाने दोन पदके मिळण्याची शक्यता सुमारे नऊ हजारांत एक निघाली, तर न्यूझीलंडची एकावर २२ शून्ये देऊन होणाऱ्या संख्येत एक. ५३ पदकांच्या ऑस्ट्रेलियासाठी तर शून्ये चाळीसच्या पुढे गेली. दरडोई यादीत ग्रेनडाच्या बऱ्याच खाली असलेला ऑस्ट्रेलिया या कसोटीवर त्याच्या फार वर जातो.

ग्रेनडावर मात्र अन्याय होऊ नये. किरानी जेम्सने ४०० मीटर शर्यतीत २०१२ मध्ये सुवर्ण, २०१६ मध्ये रौप्य आणि टोकियोत कांस्य मिळवले, आणि पॅरिसची दोन पदके भालाफेक व डेकॅथलॉनमध्ये आली. सलग चार ऑलिंपिकमध्ये मिळालेली पाच पदके योगायोगाच्या खात्यात टाकता येत नाहीत. तिथे धावण्या-फेकण्याची परंपरा खरोखर रुजलेली आहे.

याच कसोटीने भारताच्या वाट्याला सुमारे १८५ पदके यायला हवी होती. हा आकडा वाचून मान खाली घालण्याआधी नियम पाहावेत. ॲथलेटिक्सच्या वैयक्तिक स्पर्धेत एका देशाचे जास्तीत जास्त तीन खेळाडू उतरतात, जलतरणात दोन, कुस्तीच्या एका वजनी गटात एक, आणि हॉकीत एक संघ. संपूर्ण हॉकी संघाचे कांस्य तालिकेत एकच मोजले जाते. लोकसंख्या दुप्पट झाली म्हणून खेळाडूंच्या जागा दुप्पट होत नाहीत, त्यामुळे मोठे देश दरडोई यादीत वर येऊच शकत नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन मुंबईत भरले आणि २०२८ साठी क्रिकेटचा समावेश झाला. आपल्या सर्वांत लाडक्या खेळातून पुरुष आणि महिला मिळून फार तर दोन पदके मिळतील. जलतरणात तीसहून अधिक स्पर्धा असतात, आणि ऑस्ट्रेलियाची सुमारे एक तृतीयांश पदके तिथूनच आली.

दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये दाखवून दिले की पदकांचा अंदाज नुसत्या लोकसंख्येवरून बांधता येत नाही. तिच्यासोबत दरडोई उत्पन्नही धरावे लागते. मला यापुढे जाऊन भाजकच बदलावासा वाटतो. लिक्टेनश्टाइनच्या सुमारे ३९ हजार लोकांनी हिवाळी ऑलिंपिकमध्ये दहा पदके मिळवली आहेत, सगळी अल्पाइन स्कीइंगमध्ये, कारण त्यांच्या दाराशी बर्फाचे उतार आहेत. उन्हाळी ऑलिंपिकमध्ये त्याच देशाचे एकही पदक नाही. मुंबईच्या सव्वा कोटींत पोहण्याच्या तलावात नियमित उतरणारी मुले किती, हा आकडा त्या सव्वा कोटींपेक्षा अधिक बोलका ठरेल.

खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या कांस्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षे लागली. पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकणारा स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा आहे. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनी योजनेत २००९ मध्ये दाखल झाल्यावर तो नेमबाजीकडे वळला. त्याच्या पदकाखाली भाजक म्हणून महाराष्ट्राचे ११ कोटी नव्हे, तर त्या योजनेच्या निवड चाचणीपर्यंत पोहोचू शकलेल्या मुलांची संख्या लिहायला हवी.