काठावरचं नाव

डेव्हलपिंगच्या टाकीतून ओली फिल्म बाहेर काढली आणि उजेडापुढे धरली, तर छत्तीसच्या छत्तीस चौकटी कोऱ्या. काचेसारखी स्वच्छ पट्टी. अशा वेळी पहिली शंका फिल्मवर जाते. पण पट्टीच्या काठावर फिल्मचं नाव आणि चौकटींचे आकडे ठळक काळे उमटले होते. ही अक्षरं कारखान्यातच प्रकाशाने फिल्मवर नोंदवलेली असतात आणि आपल्या डेव्हलपरमध्येच, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनातच, ती दिसू लागतात. ती उमटली म्हणजे फिल्म ठीक, रसायनंही ठीक. कॅमेऱ्यात फिल्मच्या चौकटींवर प्रकाशच पोचलेला नाही. माझ्या रोलचं टोक कॅमेऱ्यातल्या रिळात अडकलंच नव्हतं, त्यामुळे फिल्म पुढे सरकलीच नाही. काठही कोरा असता, तर चूक डेव्हलपिंगमध्ये शोधावी लागली असती.

तेव्हापासून कृष्णधवल फिल्मच्या ब्रँडवर लोकांचा एवढा जीव का असतो, ते मला नीट कळलं. रोल चांगला आहे का हे पाहायचं तर तो डेव्हलप करावा लागतो, आणि डेव्हलप केला की तो संपतो. आपण वापरतो तो रोल त्याआधी कुणीच तपासलेला नसतो. तपासलेली असतात ती त्याची भावंडं. कोडॅकची ट्राय-एक्स चांगली की इल्फर्डची एचपी५, हा वाद वरवर आवडीनिवडीचा वाटतो. त्याच्या मुळाशी मात्र एकच अपेक्षा असते: गेल्या महिन्यातला रोल आणि आजचा रोल अगदी एकसारखे निघावेत.

ही अपेक्षा पुरी करणं किती अवघड आहे, हे फिल्मच्या आत डोकावल्यावर समजतं. पारदर्शक पट्टीवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात सिल्व्हर ब्रोमाइडचे, थोडं आयोडाइड मिसळलेले, सूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. प्रकाश पडला की स्फटिकात इलेक्ट्रॉन सुटतो आणि एखाद्या दोषाच्या जागी अडकतो. तिथे चांदीचा आयन येतो आणि धातूरूप चांदीचा एक अणू तयार होतो. रोनाल्ड गर्नी आणि नेव्हिल मॉट या भौतिकशास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये हे स्पष्टीकरण मांडलं. असे साधारण चार अणू एका ठिकाणी जमले, की डेव्हलपर त्या अख्ख्या स्फटिकाची चांदी करून टाकतो. चार अणूंचे अब्जावधी होतात. जिथे खूण इतकी मोठी होते, तिथे कणभर अशुद्धीही तेवढीच मोठी होणार.

त्यातून जिलेटिन येतं जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिल्म बनवणारे हैराण होते, कारण कृती तीच असूनही जिलेटिनचा एक घाणा वेगवान फिल्म द्यायचा आणि दुसरा मंद. कोडॅकमधल्या सॅम्युएल शेपर्ड यांनी १९२५ मध्ये याचं कारण शोधलं. जिलेटिनमध्ये गंधकाची संयुगं अत्यल्प प्रमाणात होती, मोहरीच्या तेलात असतात त्या जातीची. गाईगुरांनी मोहरीच्या कुळातल्या वनस्पती खाल्ल्या की ती त्यांच्या शरीरात आणि पुढे जिलेटिनमध्ये उतरत. स्फटिकांवर सिल्व्हर सल्फाइडचे बारीक ठिपके तयार होऊन त्यांची संवेदनशीलता वाढत असे. मग आधी जिलेटिन स्वच्छ करायचं आणि गंधक आपण मोजून घालायचं, ही वाट मोकळी झाली. माझ्या मते फिल्मवरचा भरवसा खऱ्या अर्थाने इथे जन्मला. गुरांच्या चाऱ्यावर अवलंबून असलेली गोष्ट तराजूत आली.

सगळा धोका थराच्या आतच असतो असंही नाही. १९४५ च्या शरद ऋतूत कोडॅकच्या काही एक्स-रे फिल्मवर काळे ठिपके दिसू लागले. ज्युलियन वेब या भौतिकशास्त्रज्ञाने त्यांचा माग काढला, तो पोचला पॅकिंगच्या पुठ्ठ्यापर्यंत. पुठ्ठा इंडियाना राज्यातल्या व्हिन्सेन्स इथे, वॉबॅश नदीच्या पाण्यावर बनला होता आणि त्यात सेरियम-१४१ हे किरणोत्सारी मूलद्रव्य होतं. ते आलं होतं न्यू मेक्सिकोत १६ जुलैला झालेल्या पहिल्या अणुस्फोटातून, दीड हजार किलोमीटरहून जास्त अंतरावरून. स्फोटाची धूळ पावसाबरोबर उतरली, पाण्यातून पुठ्ठ्यात गेली आणि फिल्मवर आपली सही करून गेली. पुठ्ठासुद्धा इतका जपावा लागतो!

ब्रँडब्रँडमधला फरकही खरा आहे. ट्राय-एक्स आणि एचपी५ प्लस या पारंपरिक घडणीच्या फिल्म. एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर पडू दिलेला प्रकाश, थोडा चुकला तरी त्या ते पोटात घालतात. कोडॅकची टी-मॅक्स आणि इल्फर्डची डेल्टा यांचे स्फटिक चपटे, वडीसारखे. ग्रेन, म्हणजे चित्रात दिसणारा दाणा, बारीक मिळतो, पण डेव्हलपिंगची वेळ आणि तापमान काटेकोर पाळावं लागतं. कुठल्याही फिल्मवर किती प्रकाश पडला की किती काळेपणा येतो, याचा आलेख हर्टर आणि ड्रिफिल्ड यांनी १८९० मध्येच दाखवला होता. एकच फिल्म वर्षानुवर्षं वापरणाऱ्याच्या हातात तो आलेख भिनलेला असतो. सावलीत एक्स्पोजर किती वाढवायचं, हे त्याला प्रकाश मोजणाऱ्या मीटरआधी कळतं.

म्हणूनच एखादी फिल्म बंद झाली की लोक मनापासून हळहळतात. फुजीने २०१८ मध्ये निओपॅन ॲक्रॉस बंद केली आणि २०१९ मध्ये ॲक्रॉस २ आणली. नाव जवळपास तेच, तरी अनेकांनी ती नव्याने तपासून घेतली, आणि ते योग्यच होतं. कारण डबीवरचं नाव तेच राहूनही आतली घडण बदलू शकते.

जुने जाणते त्यासाठी डबीवरचा इमल्शन क्रमांक, म्हणजे फिल्मवरच्या थराच्या घाण्याचा क्रमांक, पाहतात. एकाच क्रमांकाचे वीसेक रोल एकदम घेतात. त्यातला एक बळी देतात: तीच भिंत, तोच उजेड, एक्स्पोजर एकेक पायरीने बदलत. निगेटिव्ह वाळली की वहीत आकडे उतरवतात, आणि उरलेले एकोणीस रोल फ्रिजमध्ये ठेवतात.